तर्मुजी गुरुजींचा क्लास ए

सिगारेटवर कॉफीचा गाळ फासून नक्षी काढणं ही पूर्व जावातल्या आमच्या तुलुंगागुंगची कला. पेला रिकामा झाला की तळाचा बारीक गाळ बशीत ओतायचा, कागदाने त्याची ओल टिपायची, आटवलेल्या दुधाचा थेंब घालून तो घट्ट करायचा आणि दात कोरायच्या काडीने सिगारेटवर वेली काढायच्या. दिवसभर संगमरवराच्या खाणीत धूळ खाल्लेली माणसं संध्याकाळी कॉफीच्या टपरीत मांडी घालून बसतात आणि ज्या हातांनी पहार उचलली त्याच हातांनी अशी नाजूक फुलं काढतात की बघत राहावं.

तर्मुजी गुरुजींच्या सिगारेटवर वेल कधीच नसे. तिथे एक मोठा 'ए' असे आणि त्याखाली २५५.०.०.० हे आकडे. अक्षर गिचमिड, गाळ जागोजाग फुटलेला. पेटवण्याआधी ते ती सिगारेट सगळ्या टपरीला फिरवून दाखवायचे.

"हा क्लास ए चा मास्क," ते म्हणायचे. "नेटवर्कमधला राजा. याच्यावर कोणी नाही."

खाणकामगार मान डोलवायचे. त्यातल्या एकाला तो चोरट्या लॉटरीचा आकडा वाटला आणि त्याने त्यावर पैसेही लावले. गुरुजींच्या ज्ञानाचा कुणी प्रत्यक्ष उपयोग करून पाहिल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण. आकडा लागला नाही.

तर्मुजी गुरुजी आमच्या तंत्रशाळेत कॉम्प्युटर नेटवर्क शिकवत. समोर सगळे त्यांना 'पाक' म्हणत, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, मग मालांगला जाऊन पदवी घेतली आणि त्याच शाळेत त्यांच्या हाताखाली नोकरीला लागलो. त्यामुळे हा माणूस मी खालून आणि शेजारून, असा दोन्हीकडून पाहिला आहे. कुठूनही पाहिला तरी उंची तेवढीच भरते.

मूळचे ते रेडिओ दुरुस्त करणारे. बरे दुरुस्त करत असं म्हणतात. तेवढ्यावर थांबले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण ऐन तरुणपणी कोणीतरी त्यांना सुरबायाला एका प्रशिक्षणाला पाठवलं. तिथून ते एक निळं जाकीट आणि तीन वर्ग घेऊन परत आले. जाकिटाच्या पाठीवर प्रशिक्षणाचं नाव होतं. आमच्याकडे अंगाला कापड चिकटतं अशा उकाड्यातही ते जाकीट त्यांनी कधी उतरवलं नाही. आणि तीन वर्गही नाही.

ते तीन वर्ग आम्ही सकाळी प्रार्थनेनंतर एका सुरात म्हणायचो. पत्त्याचा पहिला आकडा एक ते एकशे सव्वीस असेल तर क्लास ए, मास्क दोनशे पंचावन्न आणि तीन शून्यं. एकशे अठ्ठावीस ते एकशे एक्याण्णव म्हणजे क्लास बी, दोन पंचावन्नं, दोन शून्यं. एकशे ब्याण्णव ते दोनशे तेवीस म्हणजे क्लास सी, तीन पंचावन्नं, एक शून्य. शेजारच्या मशिदीतल्या मौलवींची पोरं कुराणाच्या आयती म्हणत, आम्ही हे म्हणत असू. फरक इतकाच की आमच्या आयती रद्द झालेल्या होत्या.

रद्द म्हणजे आमच्या जन्माआधीच रद्द. आयपी पत्ता हा घराच्या पत्त्यासारखा असतो. त्याचा पुढचा भाग गल्ली सांगतो, मागचा भाग घर. गल्ली कुठे संपते आणि घर कुठे सुरू होतं हे मास्क सांगतो. सुरुवातीच्या काळात ही रेघ तीनच ठिकाणी मारत, म्हणून तीन वर्ग. मग लोकांच्या लक्षात आलं की हा शुद्ध उधळेपणा आहे. एखाद्याकडे तीनशे कॉम्प्युटर असतील तर क्लास सी त्याला अपुरा, कारण त्यात घरं अडीचशेच्या आसपास. म्हणून त्याला क्लास बी द्यायचा आणि पासष्ट हजार घरांची गल्ली त्या तीनशेंसाठी ओस पाडायची. शहाण्या लोकांनी नव्वदच्या दशकात हे वर्ग मोडीत काढले. रेघ कुठेही मारा, हवी तेवढी गल्ली घ्या, फक्त ती कुठे मारली ते स्पष्ट सांगा. झालं. आजचं सगळं जग त्यावर चालतं.

आमच्या पाठ्यपुस्तकात यावर अख्खं प्रकरण होतं. गुरुजी ते वगळायचे.

"पाक, हे वर्गविरहित म्हणजे काय?" मी शिक्षक होऊन गुरुजींच्या तासाला मदतीला बसायचो तेव्हा युनियार नावाच्या मुलीने एकदा विचारलं. डोंगरावरच्या गावातून येणारी, बकऱ्यांमागे धावून काटक झालेली मुलगी. तिला प्रश्न पडायचे.

गुरुजींनी दार बंद केलं. खिडकीतून बाहेर पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, वर्गविरहित समाज कोणाला हवा होता ठाऊक आहे ना? लाल झेंडेवाल्यांना. त्यांचं या देशात काय झालं ते आपल्या आजोबांना विचार. असले शब्द माझ्या वर्गात नकोत."

युनियारने पुस्तक मिटलं. आमच्याकडे पासष्ट सालच्या त्या कत्तलींविषयी माणसं अजूनही बोलत नाहीत. नेटवर्कच्या एका बिचाऱ्या नियमाला कम्युनिस्ट ठरवणारा माणूस मात्र मी दुसरा पाहिलेला नाही.

चाचणी परीक्षेत तिने पुस्तकात होतं तसं लिहिलं. दहाने सुरू होणारा पत्ता आणि त्याला दोन पंचावन्न दोन शून्यांचा मास्क. गुरुजींनी तो पेपर वर्गापुढे नाचवला.

"क्लास ए ला क्लास बी चा मास्क? राजाच्या डोक्यावर पट्टेवाल्याची टोपी?" आणि शून्य दिलं.

मुलांनाही ते ए, बी, सी असेच बसवत. पहिल्या बाकांवर नोकरदारांची पोरं, मधे दुकानदारांची, मागे खाणकामगारांची आणि डोंगरवाल्यांची. युनियार शेवटच्या बाकावर होती. तिथूनही तिला फळा दिसायचा आणि फळ्यावरची चूकही दिसायची, हे गुरुजींना कधी सुचलंच नाही.

आता कोणी विचारेल, असा माणूस इतकी वर्षं टिकला कसा? त्याच्या हातचं नेटवर्क चालत कसं होतं?

उत्तर आमच्या जावामध्ये आहे. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला 'नाही' म्हणत नाहीत. 'इंगिह' म्हणतात. इंगिह म्हणजे हो, पण वाकून म्हटलेलं हो. इंगिह म्हणायचं आणि मग आपल्याला करायचं ते करायचं. काही वेळा काहीच करायचं नाही. वडीलधाऱ्याचा मान राहतो, काम होतं, आणि वडीलधारा जन्मभर मूर्ख राहतो. बाहेरच्यांना याचं फार कौतुक वाटतं, किती गोड माणसं म्हणतात. त्या गोडाला मुंग्या कशा लागतात ते आम्हाला विचारा.

शाळेच्या दोन इमारती आहेत. जुनी बाजाररस्त्यावर, नवी उसाच्या शेतापलीकडे. मधे बांबूंना बांधलेले दोन अँटेने. गुरुजींनी जुन्या इमारतीला दहा-एकचे पत्ते दिले, नव्या इमारतीला दहा-दोनचे. इथवर ठीक. पण दोन्हीकडे मास्क क्लास ए चा, कारण दहा म्हणजे ए आणि ए म्हणजे राजा. त्या मास्कचा अर्थ असा, की ज्याचा ज्याचा पत्ता दहाने सुरू होतो तो माझ्याच गल्लीत राहतो. मग जुन्या इमारतीतल्या कॉम्प्युटरला नव्या इमारतीतल्या कॉम्प्युटरशी बोलायचं असलं की तो काय करणार? दारात उभा राहून हाका मारत बसणार. अरे, हा तर माझ्याच गल्लीतला, निरोप राऊटरकडे कशाला द्यायचा? आणि पलीकडचा असतो उसाच्या शेतापलीकडे. हाक ऐकू जाणार कशी? बाहेरच्या जगाचे पत्ते दहाने सुरू होत नसल्यामुळे इंटरनेट मात्र व्यवस्थित चालायचं. त्यामुळे गुरुजींची अशी पक्की समजूत होती की सगळंच व्यवस्थित आहे.

दरवर्षी पाहुणे येत. पालक, कंपन्यांचे लोक, कधी तालुक्याचे साहेब. गुरुजींचा खेळ ठरलेला. पाहुण्यांना जुन्या इमारतीत बसवायचं आणि तिथून नव्या इमारतीतल्या कॉम्प्युटरवरचं शाळेचं चित्र उघडून दाखवायचं. आदल्या दिवशी ते आपल्या हाताने सगळीकडे राजाचा मास्क चढवून ठेवत. पाहुण्यांच्या स्वागताला ते फाटकावर गेले की शेवटच्या वर्षाची मुलं दोन्ही इमारतींत भराभर मास्क बदलत, राऊटरवर नीट वाट लिहीत, आणि हात बांधून बाजूला उभी राहत. गुरुजी येत, बटण दाबत, चित्र उघडे. टाळ्या. पाहुणे गेले की मुलं पुन्हा गुरुजींचे मास्क लावून ठेवत, कारण दुसऱ्या दिवशी गुरुजी तपासत. माझ्या वर्गाने हे केलं, आमच्या आधीच्यांनी केलं, आमच्या नंतरच्यांना आम्ही शिकवलं. शाळेत गुरुजींनी न शिकवता पिढ्यान्‌पिढ्या पोचलेलं नेटवर्कचं ज्ञान ते एवढंच.

मग कॉम्प्युटरवर घ्यायची राष्ट्रीय परीक्षा आली.

ज्या शाळेची तयारी असेल तिने आपल्याकडे परीक्षा घ्यावी. नसेल तिची मुलं शहरातल्या सरकारी शाळेत पाहुणी म्हणून जातील, आणि पाहुण्यांना दुपारची शेवटची पाळी मिळेल. ती पाळी सुटायची अंधार पडताना. डोंगराकडे जाणारी शेवटची गाडी त्याच्या बरीच आधी सुटते. म्हणजे युनियार आणि तिच्यासारखी मागच्या बाकांवरची सगळी मुलं परीक्षेचे सगळे दिवस शहरात कुणाच्या तरी ओसरीवर झोपणार. पुढच्या बाकांवरच्यांना वडील मोटरसायकलवरून आणणार. सर्व्हर नव्या इमारतीत बसणार होता, कारण एसी तिथेच होता. परीक्षेचे निम्मे कॉम्प्युटर जुन्या इमारतीत. दोन्ही इमारतींचं बोलणं झालं तर परीक्षा आमच्याकडे, नाही तर शहरात. इतकं साधं होतं.

शिक्षकांच्या बैठकीत गुरुजी जाकिटाची चेन वर ओढून उभे राहिले.

"आपली पोरं दुसऱ्याच्या दारात परीक्षेला गेली, तर हा तर्मुजी डोकं भादरून घेईल," ते म्हणाले. "नवस समजा."

"भादरायला तिथे आहे काय?" कोपऱ्यातून आवाज आला.

हा आवाज बू रोतुआंचा; बू म्हणजे बाई. नव्याने आलेल्या उपमुख्याध्यापिका, सुमात्रा बेटावरच्या मेदानच्या, बटाक जमातीच्या. त्यांच्याकडे पोटातलं आणि ओठातलं एकच असतं. आमच्या शिक्षकांना त्या आल्यापासून अपचन झालं होतं.

"बू, ही थट्टेची गोष्ट नाही," गुरुजी म्हणाले.

"मी कुठे थट्टा करते? मी रसायनशास्त्राची बाई. तुमच्या पेटीतलं मला ओ का ठो कळत नाही. एवढंच सांगा, चालणार की नाही?"

"क्लास ए आहे, बू."

"हे उत्तर झालं की आडनाव?"

हसायचं नाही म्हणून सगळ्यांनी चहाचे पेले तोंडाला लावले.

परीक्षेचे नियम मी दोनदा वाचले. जिल्ह्याचे तपासनीस येऊन रंगीत तालीम बघणार होते. तालमीच्या आधीपासून त्या कॉम्प्युटरना शेवटच्या वर्षाच्या मुलांनी हात लावायचा नाही. खोल्यांना टाळं. पासवर्ड फक्त एका नेमलेल्या तंत्रज्ञाकडे. आणि ते नाव होतं तर्मुजी. म्हणजे या खेपेला गुरुजींचं नेटवर्क खरोखरच गुरुजींचं असणार होतं. अशी वेळ शाळेवर पूर्वी कधी आली नव्हती.

मी आधी त्यांच्याकडेच गेलो. आपल्या रीतीने, वळणावळणाने.

"पाक, मनात एक आलं. पाऊसपाण्याचे दिवस. मास्क जरा लांब केला तर अँटेन्यावरचा भार हलका होईल का?"

यात तथ्य काडीचं नव्हतं, पण त्यांना मागे फिरायला दार हवं म्हणून मी ते उघडून दिलं होतं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि लहान पोराला म्हणतात तसं 'ले' म्हटलं.

"मालांगला हे शिकवतात का रे, ले? दहा म्हणजे काय?"

"क्लास ए, पाक."

"ए चा मास्क?"

"इंगिह, पाक. पण आता जगात कुणी..."

"जगात कुणी नमाज पढत नाही म्हणून तू सोडलास का?"

पालथ्या घड्यावर पाणी. मी मुख्याध्यापिका बू हर्तिनींकडे गेलो आणि त्यांना सरळ सांगितलं, बू रोतुआंना साक्षीला घेऊन. दोन इमारती बोलणार नाहीत. मास्क बदलला तर बोलतील. काम चहा पिण्याएवढ्या वेळाचं.

बू हर्तिनी मला 'मास' म्हणत, म्हणजे दादा. त्यांनी हातातला पंखा मिटला. "तुमचं बरोबर असेल, मास. पण गुरुजी आता निवृत्तीला आलेत. तपासनिसांसमोर त्यांच्या नावाच्या जागी कालच्या पोराचं नाव घालायचं? त्यांचं तोंड कुठे राहील?"

"आणि पोरांचं?" बू रोतुआ म्हणाल्या. "पोरांना तोंड नसतं वाटतं? तुमच्या गावात फक्त म्हाताऱ्यांना तोंडं आहेत?"

"इंगिह, बू, इंगिह," बू हर्तिनी अत्यंत गोड हसल्या. "बघू या."

तेव्हाच मला कळलं की काही बघितलं जाणार नाही.

तालमीच्या सकाळी गुरुजींनी जाकीट इस्त्री करून आणलं होतं. प्लॅस्टिकसारख्या कापडाला इस्त्री लागून पाठीवरची दोन अक्षरं वितळली होती. तपासनीस पाक नुरहादी म्हणून एक शांत, पोट सुटलेले गृहस्थ. त्यांच्यापुढे पेचेल, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतल्या उकडलेल्या भाज्या, आणि कुरकुरीत शेंगदाण्याच्या पापड्या आल्या, आमच्याकडची हिरवट कॉफी आली. खालच्या वर्गाची मुलं परीक्षार्थी म्हणून बसवली होती. शेवटच्या वर्षाची मुलं बाहेर व्हरांड्यात, खिडक्यांना नाकं लावून.

नव्या इमारतीतले सगळे कॉम्प्युटर सर्व्हरला जाऊन मिळाले. मिळणारच, तो त्यांच्याच गल्लीत होता. गुरुजी मिशीला हात लावून जुन्या इमारतीत आले. बटण दाबलं.

सर्व्हर सापडला नाही.

दुसऱ्यावर दाबलं. सापडला नाही. पूर्ण रांग झाली. पाक नुरहादींनी आणखी एक पापडी मोडली.

"उंदीर," गुरुजी म्हणाले. "केबल कुरतडली असणार."

केबल पाहिली. धड होती. मग अँटेना हलला असणार म्हणून शिपायाला बांबूवर चढवलं. अँटेना ठणठणीत, हिरवे दिवे लुकलुकत होते. मग ऊस फार वाढलाय म्हणाले. मग सगळे कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केले, मग पुन्हा. मग राऊटरला हात जोडून त्यांनी काहीतरी पुटपुटलं. एक गोष्ट सोडून त्यांनी सगळं केलं.

मी व्हरांड्यातच होतो; खिडकीपाशी मला युनियार दिसत होती. तिच्या ओठांवर दोनच आकडे होते, दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न. मी दारात गेलो. पाक नुरहादींनी हात आडवा केला.

"मास, नेमलेला माणूस सोडून कोणी नाही. नियम आहे."

"मग नेमलेल्या माणसाला तरी सांगू द्या," मागून बू रोतुआ म्हणाल्या, आणि तिथूनच ओरडल्या, "पाक तर्मुजी! तो मास्क बदला! अख्ख्या शाळेला ठाऊक आहे, तुम्हालाच नाही!"

आमच्याकडे असं कोणी कोणाला बोलत नाही. लग्न मोडताना नाही, जमिनीच्या भांडणात नाही. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. गुरुजींचा चेहरा पापड्यांसारखा पिवळा झाला. त्यांनी कीबोर्डवर बोटं ठेवली. मला वाटलं, बदलतील. पडद्यावर मास्कची जागा उघडी होती. शून्याच्या जागी एक पंचावन्न घालायचं, बस्स.

त्यांनी ती खिडकी बंद केली.

"मेदानहून आलेल्यांकडून मी नेटवर्क शिकणार नाही," ते म्हणाले.

पाक नुरहादींनी आणखी वाट पाहिली. मग कॉफी संपवली, हात पुसले, आणि वाईट वाटतं असं म्हणून सही केली. मुलं शहरात पाहुणी.

तालीम संपली तशी खोलीवरची बंदीही उठली; गुरुजींनी पासवर्ड टाकलेले कॉम्प्युटर आणि राऊटर उघडेच होते. आणि मग जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. शेवटच्या वर्षाची मुलं आत शिरली. एकेकाने एकेक कॉम्प्युटर घेतला, दोघं सायकलवरून नव्या इमारतीकडे गेली, युनियार राऊटरपाशी बसली. पाहुण्यांच्या दिवशी करत तेच, त्याच क्रमाने, फक्त या वेळी गुरुजी फाटकावर नव्हते. ते तिथेच उभे होते.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

युनियारने वर पाहिलं नाही. "नेहमीचंच, पाक."

"नेहमीचं म्हणजे?"

"पाहुणे येतात तेव्हाचं. आमच्या आधीचेही करायचे."

रांगेतला पहिला कॉम्प्युटर सर्व्हरला मिळाला. मग दुसरा. मग एकदम सगळे. बाहेर पाक नुरहादी तेव्हा कुठे बू हर्तिनींचा निरोप घेऊन मोटरसायकल सुरू करत होते. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तो असा. बू रोतुआ धावत गेल्या, पण कागद सही होऊन पिशवीत गेलेला होता आणि पाक नुरहादी सौजन्याने फक्त इंगिह म्हणत राहिले.

मी गुरुजींकडे पाहत होतो. त्यांच्या टाळ्या, त्यांची चित्रं, त्यांचे पाहुणे, सगळं त्या एका 'नेहमीचंच' मध्ये वाहून गेलं होतं. माणूस कितीही पोकळ असला तरी अशा वेळी आत काहीतरी कोसळत असणार, असं मला वाटलं. क्षणभर मला त्यांची दयाही येणार होती.

त्यांनी घसा खाकरला.

"बघा," ते म्हणाले. "अँटेना तापायला वेळ लागतो. शेवटी माझा क्लास ए चाललाच."

मी दया परत घेतली.

नवस मात्र त्यांनी फेडला. आणि तो असा फेडला की शिक्षेचीच मिरवणूक झाली. बू हर्तिनींनी शाळेत प्रार्थना ठेवली, नारळाच्या रश्श्यातली कोंबडी केली, आणि मुलांच्या यशासाठी गुरुजींनी केशार्पण केलं असं सांगितलं. पुढच्या बाकांवरच्या काही मुलांनी भक्तिभावाने आपलीही डोकी भादरून घेतली. गुरुजींचा सत्कार झाला. बू रोतुआ कोंबडी खाऊन, एकही शब्द न बोलता उठून गेल्या. ते त्यांचं त्या शाळेतलं सर्वांत जावानी वागणं.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी आम्ही शहरातल्या शाळेत गेलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. डोंगरावरची मुलं केळीच्या पानात भात आणि काखेत चटया घेऊन आली होती. युनियारने आपली चटई त्यांच्या प्रार्थनाघराच्या ओसरीवर, खांबाशी ठेवून जागा धरली. पाणी कुठे आहे ते बघून आली. मग रांगेत उभी राहिली.

गुरुजी जाकीट आणि टोपी घालून, आमच्याबरोबर आलेले मान्यवर म्हणून आत फिरत होते. तिथला तंत्रज्ञ माझ्याच वयाचा, हसरा. गुरुजी त्याच्या खांद्यावरून पडद्यात वाकले. पत्ता दहाचा होता. मास्क तीन पंचावन्नांचा.

"ले, इथे चूक आहे," गुरुजी म्हणाले. "दहा म्हणजे क्लास ए. मास्क एकच पंचावन्न हवा. तू सी चा लावलायस. राजाला पट्टेवाल्याची टोपी."

त्या पोराने त्यांच्याकडे पाहिलं, जाकिटाकडे पाहिलं, टोपीखालच्या गुळगुळीत डोक्याकडे पाहिलं. मग हात जोडून नम्रपणे किंचित वाकला.

"इंगिह, पाक. लक्षात आलं. सांगितलंत ते बरं झालं."

आणि काहीही न बदलता त्याने परीक्षा सुरू केली. सगळे कॉम्प्युटर एका दमात सर्व्हरला मिळाले. तिसऱ्या रांगेत युनियारने पहिला प्रश्न उघडला.

गुरुजी माझ्याकडे वळले. चेहरा उजळला होता.

"बघितलंस?" ते म्हणाले. "ऐकून घेणारी पोरं आहेत अजून. तुमच्यासारखी नाहीत सगळी."